आईचं नाव निराधारात घालणारे आमचे आण्णा

माझ्या आईला भर चावडीत "निराधार लिवा" म्हणून सांगणारा माणूस आज सकाळी गेला.

आमचे आण्णा. पप्पांचे थोरले भाऊ.

सकाळपासून मेसेज येतायत, फोन येतायत. एकेकाला सांगायला आज जीभ उचलत नाही. म्हणून इथंच लिहिते.

पप्पा गेले तेव्हा मी सातवीत होते, धाकटी पिंकी बालवाडीत. रक्षाविसर्जनाला सगळी भावकी जमलेली. आण्णांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "माझ्या भावाच्या पोरी त्या माझ्या पोरी. ह्यांस्नी काय कमी पडू देणार न्हाय."

बोलले ते अगदी मनापासून. पण माणूस साखर कारखान्यात सीझनवर कामाला. सीझन संपला की घरी. त्यांची स्वतःची पोरं होतीच की.

आई आमच्या गावात, बावड्यातच, एका खानावळीत भाकरी थापायला जायला लागली. माझी शाळा आता सुटणार, हे घरात कुणी बोलत नव्हतं, पण सगळ्यांना दिसत होतं.

अंगणवाडीच्या बाईंनी एकदा आईला विचारलं, "निराधारचा अर्ज केलायसा काय? विधवा बाईला महिन्याला पेन्शन असती."

आईनं कानावर हात ठेवले.

घरात थोरला दीर असताना बाई निराधार कशी? आमच्याकडं हा शब्द म्हणजे दिराला भर रस्त्यात दिलेली शिवी. आणि गल्लीत तर सगळ्यांचा पक्का समज, की दीर हयात असला की ते मिळतच नाही.

त्यात आई आणि आण्णा एकमेकांशी थेट बोलायचेही नाहीत. काय असेल ते काकूमार्फत. शेवटी काकूनंच भीत भीत विषय काढला.

"निराधार? आन मी काय मेलोय व्हय?"

आण्णांनी जेवणाचं ताट सारलं आणि उठून गेले. आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत.

दोन-चार दिवस गेले. मग एका सकाळी आण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला. काकू म्हणाली, "कुठं निघालासा?"

"खरं काय हाय ते इचारून येतो. मग भांडतो."

झालं. तहसील कचेरीत पहिल्या खिडकीवर सांगितलं, तुम्ही योजनेत बसत नाही. दुसऱ्या खिडकीवर, साहेब रजेवर आहेत. आण्णांचा पारा चढायला लागला तशी लाइनीतल्या एका म्हातारीनं त्यांची बाही ओढली. "पावणं, खिडकीत काय इचारतासा? लाइनीत इचारा. ज्याला मिळतंय त्याला ठावं असतंय."

हे त्यांना फार पटलं. पुढं आयुष्यभर कुठल्याही ऑफिसात गेले की आधी लाइनीला चहा, मग खिडकी.

त्या लाइनीतच कळलं, की सरकार बघतं ते आईच्या रेशनकार्डावरची माणसं आणि त्यांचं उत्पन्न. आमची चूल पप्पा असतानाच वेगळी झालेली, म्हणजे दीर त्यात येतच नाही. कमावता माणूस गेला तर गरीब घराला एकदाच मिळणारी मदत असते, ती वेळेत मागायची असते. आणि बाप नसलेल्या पोरांसाठी बालसंगोपन म्हणून आणखी वेगळंच काही असतं.

आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही तरी कुठं विचारलेलं?

आण्णा परत आले ते थेट आमच्या दारात. पहिल्यांदाच आईशी समोरासमोर बोलले.

"शालन, माझी इज्जत मी बघतो. तू पोरींची शाळा बघ. उद्या चावडीला चल."

दुसऱ्या दिवशी तलाठ्यांनी विचारलं, "ह्यांना आधार कुणाचा?" गल्लीतली चार माणसं जबाबाला आलेली. सगळ्यांचे डोळे आण्णांकडं. मी आईचा हात घट्ट धरलेला.

"मी हाय की," आण्णा म्हणाले. "जमंल तेवढं करतोय. खरं माझा पगार तिच्या कार्डावर न्हाय. तिच्या नावावर काय बी न्हाय. निराधार लिवा."

एवढा दणदणीत आवाजाचा माणूस, पण त्या दिवशी आवाज पार बारीक झाला होता.

आईची पेन्शन सुरू झाली. पण भावकीनं सोडलं नाही. लग्नात टोमणे, जोतिबाला जाताना गाडीत टोमणे. एका पंगतीत तर एकजण तोंडावर म्हणाला, "दीर असून भावजयीला सरकारच्या दारात बसवलीस की." मला वाटलं, आता ताट उडतंय.

आण्णा भात कालवत म्हणाले, "तुझ्या लेकीवर अशी पाळी येऊ नये बाबा. आलीच तर माझ्याकडं ये. कुठं जायचं ते सांगतो."

नंतर बायकाच यायला लागल्या त्यांच्याकडं. कुणाला नवऱ्यानं टाकलेलं, कुणाचं पोरगं अपंग. आण्णा काही गोड बोलणारे नव्हते. निम्म्या जणींवर ओरडायचे, "इतकी वर्सं काय झोपलीतीस?" आणि ओरडत ओरडतच चपला घालून बरोबर निघायचे.

मी शिकले. आज गारगोटीला हायस्कूलमध्ये शिकवते. मला नोकरी लागली तेव्हा आईची पेन्शन बंद करायलाही आण्णाच घेऊन गेले. म्हणाले, "हक्क हुता तवर घेतला. आता संपला."

आज दुपारी त्यांना अंगणात ठेवलं होतं. बायका काकूला समजावत होत्या, "रडू नगंसा, ल्योक हायत की, तुमास्नी काय कमी पडतंय?"

आई कोपऱ्यातून उठली. आण्णांच्या पायाशी बसली. सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

"भावजी, जावा निवांत. जाऊबाईंस्नी काय काय मिळतंय, ते मी इचारून येते."

आमचा सगळ्यांचा शेवटचा रामराम, आण्णा.