कोर्टबाबूंचं अँथुरियम

पोलीस खात्यातली सगळी वर्षं चोऱ्या, मारामाऱ्या आणि उसाला लावलेल्या आगी यांत गेली. त्यातलं बरंचसं विसरलो, आणि विसरलो तेच बरं झालं. पण एका झाडाच्या चोरीची केस मात्र जशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी राहते. हसू नका. त्या झाडापायी एका मुलीचं ठरलेलं लग्न मोडायला निघालं होतं आणि तपास माझ्या गळ्यात पडला होता.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी तेव्हा आमच्या बेटावरच्या रोझ हिल गावात इन्स्पेक्टर होतो. कुणाचं नाव घेणार नाही. मंडळी आहेत, त्यांची नातवंडं आहेत. ज्याच्या त्याच्या कामावरूनच ओळख करून देतो. ती माणसं आपसातही तशीच हाक मारायची.

सोमवारी सकाळी मी येऊन टोपी काढतोय न काढतोय तोच काउंटरवर कोर्टातले एक क्लार्क उभे. टाय, इस्त्रीचा शर्ट, चेहरा सुतकी. यांना सगळे कोर्टबाबू म्हणायचे. मला वाटलं, घरी काही बरंवाईट झालं.

"चोरी झालीय," ते म्हणाले. "माझं अँथुरियम नेलं."

आमच्या काउंटरवरच्या हवालदारानं लिहायला घेतलेलं पेन खाली ठेवलं. मी त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं तेव्हा त्यानं पुन्हा उचललं.

कोर्टबाबूंनी ते झाड बी पेरून वाढवलेलं. पांढरं फूल आणि त्याला हिरवी कड; असं बेटावर दुसऱ्या कुणाकडे नाही, असं त्यांचं म्हणणं. येत्या शनिवारी नगरपालिकेच्या हॉलमध्ये फुलांचं प्रदर्शन होतं. रविवारी सकाळी अँथुरियमवाल्या मंडळींची बैठक त्यांच्याच घरी झाली, मंडळी गेली आणि संध्याकाळी पाणी घालायला गेले तर कुंडीत नुसता बुंधा.

"बैठकीला आलेली सगळी माणसं तुमची मित्रमंडळी ना? मग आधी त्यांना विचारायचं की," मी म्हटलं.

"साहेब, मी कोर्टात नोकरी करतो. तोंडी विचारपूस मला चालत नाही."

घ्या! लिहून घेतली तक्रार.

त्यांच्या घरी पाहणीला गेलो. मागच्या अंगणात नारळाच्या झावळ्यांचा मांडव, खाली रांगेनं कुंड्या. प्रत्येक कुंडीला नंबर, आणि फांदी काठीला बांधलेली ती कोर्टाच्या फायलींच्या लाल फितीनं. त्यांनी चोरीच्या कुंडीवर बादली उपडी घालून ठेवली होती, का तर पुरावा हलू नये. बादली उचलली. बुंधा सुरीनं कापावा तसा साफ कापलेला आणि कापलेल्या तोंडावर काहीतरी जांभळं माखलेलं.

"विष," कोर्टबाबू दात-ओठ खात म्हणाले. "पुन्हा कोंब फुटू नये म्हणून. एवढा दुष्टपणा!"

मी मान डोलावली. मला झाडांतलं ओ की ठो कळत नाही. माझ्या हातानं कधी कोथिंबीरसुद्धा उगवली नाही.

मग एकेकाचे जबाब सुरू केले. काय एकेक माणसं! साखर कारखान्यातला एक बॉयलरवाला, त्याच्या कुंड्यांत सगळा उसाचा चोथा आणि राख. रोझ हिलच्या बाजारामागचा एक न्हावी, तो दुकानातले केस झाडून कुंड्यांत खत म्हणून घालायचा आणि पानांची वाळलेली टोकं कात्रीनं अशी कापायचा की जणू गिऱ्हाईकच खुर्चीत बसलंय. माणूस कामावरून घरी येतो, पण काम त्याच्या हातातून जात नाही, हे मी तेव्हा पाहिलं. त्या वेळी मात्र मला त्याची गंमतच वाटली, उपयोग काही सुचला नाही.

खबर दिली ती न्हाव्यानं. त्यात वाकडेपणा नव्हता. बोलल्याशिवाय त्याला वस्तरा चालवताच येत नसे. आमचा हवालदार दाढीला बसला आणि हा अर्धं बेटावरच्या क्रेओल बोलीत, अर्धं मराठीत सांगून मोकळा. "मो पा कोने, मला काय ठाऊक नाय बुवा, पण रविवारी बैठकीनंतर बसड्रायव्हर स्टँडवर उभा होता. हातात ओलं गोणपाट. तान्हं पोर धरावं तसं धरलेलं."

हा बसड्रायव्हर लालमती गावचा. मंडळीतलाच. आणि इथेच खरी मेख होती, कारण त्याची मुलगी कोर्टबाबूंच्या मुलाला देऊ केलेली. रविवारच्या बैठकांतूनच ते जमलं होतं. पत्रिका वाटून झाल्या होत्या.

कोर्टबाबूंना हे कळलं तेव्हा ते खुर्चीत बसले आणि पाणी मागितलं. "दोनदा त्यानं मुलीसाठी या झाडाचं पिल्लू मागितलं होतं," ते म्हणाले. "मी म्हटलं, प्रदर्शन होऊ दे. म्हणून चोरी? साहेब, हे खरं निघालं तर लग्न मोडलं समजा. चोराच्या घरची मुलगी मी आणणार नाही."

हवालदारानं ड्रायव्हरला रोझ हिलच्या स्टँडवर बसमधूनच उतरवून आणलं. गाडीत निम्मी लालमती बसलेली. दुसरा ड्रायव्हर येईपर्यंत लोक खिडक्यांतून पाहत होते.

माझ्यापुढे बसला तो पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, शांत माणूस. मी नेहमीच्या पद्धतीनं आडून सुरुवात केली, पण त्यानं आडपडदा ठेवलाच नाही.

"झाड तुमच्याकडे आहे?"

"हाय."

"कोर्टबाबूंचंच?"

"त्यांचंच. मी वळकलं."

"चोरलंत?"

"नाय."

"मग दिलं कुणी?"

त्यानं मान खाली घातली. मी आवाज चढवला, उतरवला, चहा पाजला, मुलीच्या लग्नाची आठवण करून दिली. लग्नाचं नाव काढलं तेव्हा त्याचे डोळे भरले, पण तोंड उघडेना. "मी चोरी केली नाय. एवढंच लिवा, साहेब."

चोर खोटं बोलतो आणि खूप बोलतो. हा बोलतच नव्हता. माझा जीव त्याच्यासाठी तुटायला लागला, पण जबाबाच्या कागदावर जीव तुटल्याचं लिहिता येत नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन लालमतीला गेलो. घर पत्र्याचं, पण अंगण आरशासारखं. त्याच्या सगळ्या कुंड्या म्हणजे कापलेले जुने टायर आणि फांद्या बांधलेल्या ट्यूबच्या रबरी पट्ट्यांनी. फक्त एक झाड तेलाच्या डब्यात, सावलीला, पांढरं फूल हिरव्या कडेचं, आणि ते काठीला बांधलं होतं जखमेच्या बँडेजनं. खाली वाकून पाहिलं. मातीलगत, देठाला, तोच जांभळा रंग.

मी तसाच उकिडवा बसून राहिलो. हे विष असेल, तर ज्यानं झाड नेलं त्यानं ते आपल्याच झाडाला कशाला लावावं?

पोलिसांची गाडी आली म्हणून शेजारीपाजारी जमलेच होते. एक शेजारीण कडेवर तान्हं बाळ घेऊन पुढे आली. बाळ उघडंच, आणि बेंबी जांभळी.

"काय लावलंय गं याला?"

"जांभळं औषध, काका. नाळ कापली की नर्सबाई लावतात."

मी ड्रायव्हरकडे वळलो. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "साहेब," तो हळूच म्हणाला, "त्यांची सरकारी नोकरी हाय. पेन्शन आलीय दाराशी. माझी ही पोर आडवी आली होती. आई नि लेक दोघींना त्यांनी वाचवलं. त्यांचं नाव माझ्या तोंडून कसं यावं?"

आता सगळं उलगडलं. नर्सबाई म्हणजे त्या भागातली सरकारी सुईण. राहायला रोझ हिलला, रोज याच्याच बसनं लालमतीला कामावर यायची, आणि अँथुरियमच्या मंडळीत पहिल्यापासून होती. कोर्टबाबूंनी तिचं नाव संशयितांत दिलंच नव्हतं. बाईमाणूस, तेही नर्स, छे!

आरोग्य केंद्रात जाऊन तिला गाठलं. ठेंगणी, गोल, आवाज असा की बाळानं रडायचंच विसरावं.

"अय्यो! चोरी कसली? मीच कापलं की!"

"बाई, जपून बोला. मी लिहून घेतोय."

"घे लिहून. बाबा, तुला झाडांतलं काय कळतं का? अँथुरियम उंच झालं की मान टाकतं. मग वर खोडाला फुटलेल्या मुळांसकट शेंडा कापायचा, नवीन लावायचा. खालच्या बुंध्याला पिल्लं फुटतात. त्याचं झाड केव्हाचं अडलं होतं. दर रविवारी मी सांगत होते, काप, काप. ह्याचा हात धजत नव्हता. अडलेल्या बाईपुढे मी नवऱ्याच्या परवानगीची वाट बघत बसते काय?"

"पण न विचारता नेलं ना?"

"विचारलं की! म्हटलं, शेंडा तुझ्या सुनेला जाऊ दे. तो काही बोलला नाही, पाठ फिरवली आणि घरात गेला."

मला कळेना. मग तिनं मला शाळेतल्या पोरासारखं समजावलं. या मंडळींत रोप हातानं द्यायची पद्धतच नव्हती. हातानं दिलेलं लागत नाही, असा समज. मालकानं पाठ फिरवायची, पाहुण्यानं घ्यायचं, आणि आभार मानायचे नाहीत. सगळे तसंच करत आलेले. म्हणून तिनं शेंडा कापला, दोन्ही जखमांना औषध लावलं, गोणपाटात गुंडाळून ड्रायव्हरला दिला आणि सांगितलं, पोरीला दे. त्यालाही वाटलं, व्याह्यानं आपल्या पद्धतीनं दिलं.

कोर्टबाबूंना बोलावलं. "रविवारी पाठ फिरवून आत का गेलात?"

ते आठवायला लागले. "दूध उतू जात होतं. बायको माहेरी गेली होती."

मी कपाळाला हात लावला. हवालदार खोलीबाहेर जाऊन हसला, एवढी अक्कल त्याला होती. कोर्टबाबूंनी तिथल्या तिथे तक्रार मागे घेतली, नर्सबाईंवर काही करायचं नाही असंही लिहून दिलं. माझ्या दृष्टीनं फाइल बंद.

पण ड्रायव्हरच्या दृष्टीनं नव्हती. कोर्टबाबूंना घेऊन मी त्याच्या घरी गेलो. त्यांनी हात जोडले, चुकलो म्हणाले. ड्रायव्हरनं त्यांना खुर्ची दिली, सरबत दिलं, आणि म्हणाला, "राग नाय माझा. पण ज्यानं मला चोर म्हटलं त्याच्या घरी माझी पोर कशी द्यायची? तुम्ही इथं घरात माफी मागता. मला तर भरल्या गाडीतून उतरवलं. त्या लोकांना काय सांगू?"

आतल्या दाराआड मुलगी उभी होती. तिनं पदर तोंडात धरला होता. मला तिच्याकडे बघवेना. गुन्हा नव्हता, गुन्हेगार नव्हता, आणि तरी त्या पोरीचं मात्र सगळं हातचं जात होतं. परतताना रोझ हिल आल्यावर कोर्टबाबू म्हणाले, "उद्या सकाळी माझ्याबरोबर याल? मला एकट्याला जमणार नाही."

सकाळी आम्ही दोघं लालमतीच्या स्टॉपवर. मी गणवेशात. ड्रायव्हरची गाडी आली, नेहमीची गर्दी, रात्रीचं बाळंतपण आटोपून घरी निघालेली नर्सबाई पुढच्या बाकावर. कोर्टबाबू चढले, त्यांच्यामागून मी, पण ते बसले नाहीत. मधल्या जागेत, दांडीला धरून उभे राहिले. टाय होता, घाम होता.

"ऐका," ते म्हणाले. आधी क्रेओलमध्ये, मग आपल्या मराठीत, दोन्हींत सांगितलं, कुणाला कळलं नाही असं व्हायला नको म्हणून. "या माणसाला मी चोर म्हटलं. यानं चोरी केली नव्हती. चूक माझी. हे पोलीस साहेब साक्षीला आहेत. याच्या घरची मुलगी माझ्या घरी आली तर ते माझं नशीब. नाही आली तर तोही दोष माझाच."

माणसं माना उंचावून ड्रायव्हरकडे बघायला लागली. मागून एक म्हातारी म्हणाली, "अरे, बोल की काहीतरी!" ते ड्रायव्हरला होतं.

ड्रायव्हरनं मागे वळून पाहिलं नाही. समोरच्या आरशात बघत राहिला. मग गिअर टाकला.

"तिकीट काढा अन् बसा, व्याहीबुवा," तो म्हणाला. "गाडीला उशीर होतोय."

नर्सबाई सगळ्यांदेखत रडली. मीही खिडकीबाहेर ऊस बघत बसलो, असं समजा.

लग्न झालं. प्रदर्शनाला ते झाड गेलं नाही. मुलगी सासरी जाताना तेलाच्या डब्यासकट घेऊन गेली, म्हणजे झाड जिथून निघालं तिथेच पोचलं. कोर्टबाबूंच्या बुंध्याला तोवर पिल्लं फुटली होती. त्यातलं एक मला देऊ केलं. मी म्हटलं, माझ्या हातानं जगणार नाही, राहू द्या.

या केसनं मला एक सवय लावली. जबाबाच्या कागदावर व्यवसाय लिहायची जागा असते: ड्रायव्हर, न्हावी, क्लार्क. ते लिहून झालं की पेन खाली ठेवून मी विचारायचो, "कामावरून घरी गेल्यावर काय करता?" हे कागदावर जात नसे. पण उत्तर देताना माणूस खुर्चीत सैल होऊन बसायचा. कुणी कबुतरं सांगायचा, कुणी कोंबडे, कुणी मँडोलिन. त्यानंतर तो बोलायचा ते बहुतेक खरं असायचं, आणि नसलं तरी खोटं कुठून सुरू झालं ते मला कळायचं. पुढच्या सगळ्या नोकरीत त्या प्रश्नानं जेवढी कामं केली तेवढी माझ्या दरडावण्यानं कधी केली नाहीत.

आता निवृत्त झाल्यावर बायको मलाच तो प्रश्न विचारते. मी म्हणतो, अजून शोधतोय.