लोकरीच्या सुया आणि एक खिळा

खर्ड्याहून आमचं सामान टेम्पोत चढत होतं, तेव्हा आईने बुद्धांची तसबीर शेवटपर्यंत हातातून सोडली नाही. मग गोधडीत गुंडाळून तिने ती माझ्या बायकोच्या, सुमनच्या, मांडीवर ठेवली आणि मला म्हणाली, "पुढल्या खोलीत लाव. दाराकडं तोंड करून. बुद्ध पुनवेला मी येनार हाय बघायला."

वडील टेम्पोच्या दोऱ्या ओढून गाठी तपासत होते. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "इचारल्याबिगर सांगू नगं. अन् इचारलं तर खोटं बोलू नगं."

आई-वडिलांच्या या दोन सूचना एकमेकींच्या आड येतात, हे मला नगरला सावेडीत राहायला गेल्यावर कळलं.

नव्वदीच्या मधली ती वर्षं. नगरच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी इन्स्पेक्शनला लागलो होतो. आलेला माल मापात आहे की नाही ते बघायचं. थोडक्यात, संशय घेण्याचाच मला पगार मिळायचा. घर बघायला निघालो की मात्र संशय घेणारे दुसरे असायचे. "गायकवाड? कुठले गायकवाड?" हे आडनाव मराठ्यांतही आहे आणि आम्हा बौद्धांतही. मी म्हणायचो, "खर्ड्याचे." ते खोटं नव्हतं, पण उत्तरही नव्हतं. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या मालकांनी त्याचा त्यांना सोयीचा अर्थ घेतला आणि वरच्या दोन खोल्या आम्हाला दिल्या. तसबीर आतल्या खोलीत, फळीवर गेली.

"आपन काय चोरी केलीया व्हय?" सुमन म्हणाली.

"थांब थोडं. रुळू दे."

"रुळायचं का लपायचं?"

गावात आम्ही कोण हे कुणी विचारत नव्हतं, कारण सगळ्यांना माहीत होतं. सावेडीत सगळे विचारत होते, कारण कुणालाच माहीत नव्हतं. यातलं बरं कोणतं, हा हिशेब मला अजून जमलेला नाही. आमच्यापैकी जे खर्ड्यातच राहिले आणि जे माझ्यासारखे बाहेर पडले, त्यांनी आपापला करून बघावा.

शेजारच्या बंगल्यात वसंतराव राहत. मस्कतला नोकरीला होते, सुट्टीवर आलेले. पहिल्या भेटीत त्यांनी माझं खातं विचारलं, कोणती यंत्रं आहेत ते विचारलं, पण कुठले गायकवाड ते विचारलं नाही. दुसऱ्या भेटीतही नाही. विचारणाऱ्यांची मला सवय झाली होती. न विचारणाऱ्याचं काय करायचं ते कळेना. याला आधीच माहीत असेल, किंवा याचं माझ्याकडे काहीतरी काम असेल, असं मी धरून चाललो.

काम निघालंच. त्यांनी मस्कतहून रिमोटवर चालणारी एक गाडी आणली होती. फूट-दीड फुटाची, जाड चाकांची, दगडांवर चढणारी. अशा गाडीत चाकांचे आस खालच्या सांगाड्याला काड्यांनी जोडलेले असतात. त्या काड्यांना लिंक म्हणतात. एक चाक दगडावर आणि दुसरं खड्ड्यात असलं तरी आस जागेवर राहतो तो या लिंकमुळे. मूळच्या प्लास्टिकच्या लिंक वाकल्या होत्या. परदेशातून धातूच्या मागवायच्या तर फार महाग.

"तुमच्या कंपनीत एवढासा रॉड सहज पडलेला असेल," वसंतराव म्हणाले.

हे ऐकल्यावर मी सावध झालो. गेटवर रोज झडती व्हायची. दुसऱ्याच्या पिशवीत तुकडा सापडला तर तो माणूस चोर ठरतो. माझ्या पिशवीत सापडला असता तर आमची सगळी वस्ती चोर ठरली असती. हा माणूस मला अडकवतोय की काय, असंही मनात येऊन गेलं.

"कंपनीतलं काही मिळणार नाही. बाहेरून स्वस्तात बघतो," मी म्हणालो.

नाही म्हणून मोकळं व्हायला हवं होतं. पण काम अवघड होतं आणि अवघड माप मला सोडवत नाही.

विचार करता करता लोकरीच्या सुया सुचल्या. अ‍ॅल्युमिनियमच्या, भरीव, सरळ, शिवाय जोडीने मिळणाऱ्या. कापडबाजारात दुकानदाराने विचारलं, "स्वेटर लहान मुलाचा का मोठ्या माणसाचा?" मी खिशातून कॅलिपर काढून सुईची जाडी मोजायला लागलो, तसा तो गल्ल्याला कुलूप लावून जवळ येऊन उभा राहिला.

घरी सुमनने सुया पाहिल्या. "आता गाडी इनताय व्हय?"

सुया मापात कापायच्या, दोन्ही टोकांना भोक पाडून आत आटे पाडायचे, बिनडोक्याचे स्क्रू बसवायचे आणि त्यांवर जुन्या लिंकची टोकं फिरवायची. खर्च अगदी किरकोळ. फक्त एक पथ्य होतं. डावी आणि उजवी लिंक अगदी सारखी हवी. नाहीतर आस तिरका बसतो आणि गाडी एका बाजूला ओढते.

तुकडा घट्ट पकडून ठेवणारा व्हाइस आतल्या खोलीत टेबलाला लावलेला होता. मी काम करून वसंतरावांच्या दारात नेऊन द्यायचो. त्यांना वर बोलावत नव्हतो. पण मागच्या आसाची शेवटची जोडी करत असताना ते आपणहून आले आणि सुमनने दार उघडताच सरळ आत येऊन माझ्या मागे उभे राहिले. समोर व्हाइस, त्याच्यावर फळी, फळीवर तसबीर. मी कापत होतो आणि वळून वळून त्यांचं तोंड बघत होतो. ते व्हाइसकडे बघत होते की वर, ते कळत नव्हतं. चहा घेतला, लिंक घेतल्या, गेले.

नंतर ते फिरकले नाहीत. एकदा फाटकाशी मालकांशी बोलताना दिसले. मी स्कूटर लावली तेव्हा दोघं गप्प झाले. पौर्णिमा जवळ येत होती. मी सुमनला म्हणालो, "दुसरी खोली बघावी लागणार."

"आन् तितं तसबीर कुठं ठेवनार? माळ्यावर?"

आई येण्याच्या आदल्या दिवशी वसंतराव आले. काखेत गाडी, कपाळाला आठ्या.

"काय हो गायकवाड, कसलं माप घेतलंत? मागून डावीकडं ओढतेय. तुमच्यासारख्या माणसाकडून ही चूक?"

मी गाडीला हात लावला नाही. "माझ्यासारख्या म्हणजे?"

"म्हणजे लोकरीच्या सुया कॅलिपर लावून घेणाऱ्या! सगळ्या बाजारात बोभाटा झालाय त्याचा."

मी मोजलं. शेवटच्या जोडीतली एक लिंक दीड मिलिमीटर आखूड होती. कारखान्यात असा तुकडा मी परत पाठवला असता. माझं लक्ष त्या वेळी मापावर नव्हतंच, मागे उभ्या वसंतरावांच्या तोंडावर होतं.

मी नवी लिंक कापायला घेतली. वसंतराव बाजूला बसून हलक्या आवाजात म्हणाले, "लगेच येणार होतो. मुंबईला मुलाखतीला गेलो होतो. मस्कतचं काम सुटलंय माझं. इथे सगळ्यांना सुट्टी सांगितलीय. नाहीतर लिंक बाहेरूनच मागवल्या असत्या. कुणाला बोलू नका."

"नाही बोलणार," मी म्हणालो. या वेळी दोन्ही लिंक मी तीनदा शेजारी ठेवून बघितल्या.

ते गेल्यावर मी सुमनला हातोडी मागितली. तिने कशाला ते विचारलं नाही. पुढच्या खोलीत, दारासमोर खिळा ठोकला आणि बुडबुड्याची पातळी लावून तसबीर सरळ टांगली.

दुसऱ्या दिवशी आई आली. चपला काढायच्या आधी तिने भिंतीकडे पाहिलं. हात जोडले, मान तिरकी केली.

"डावीकडं कललीया."

"पातळी लावलीय मी, आई. बरोबर आहे."

"मला डोळे हायेत."

मी तसबीर तिने सांगितली तेवढी उजवीकडे कलवली. सुमन पदर तोंडाला लावून हसत होती.

त्या महिन्यात मालक भाड्याला आले ते उंबऱ्यातच थांबले. एरवी बसून चहा घ्यायचे. "आज उपास आहे," म्हणाले. पुढच्याही महिन्यात उपास होता. आम्ही ती जागा सोडली. सोडा असं मात्र त्यांना म्हणता आलं नाही. आम्ही तिथे असेपर्यंत वसंतराव येत राहिले, पुढच्या खोलीत फरशीवर पाटे-वरवंटे मांडून गाडी चढवायचे. त्यांनी फळीवरची तसबीर पहिल्या दिवशीच पाहिली होती का, आणि फाटकाशी काय बोलणं झालं होतं, ते मी कधी विचारलं नाही. विचारल्याशिवाय सांगायचं नाही, हा वडिलांचा नियम मी त्यांनाही लावला. ते वाईट होते असं नाही, पण माझा संशय पुरता गेला असंही लिहिणार नाही.

आता सावेडीतच आमचं स्वतःचं घर आहे. आई-वडील दोघंही नाहीत. घर बदललं तेव्हा तसबीर सगळ्यात आधी पुढच्या भिंतीवर लागली. पातळी लावली तर ती उजवीकडे चांगलीच कललेली आहे. येणारे-जाणारे सांगतात, मीही हो म्हणतो. आयुष्यभर मी दुसऱ्यांचा माल मापात नाही म्हणून परत पाठवला. ही मात्र घर बदललं तरी आईने सांगितली तशीच आहे.