पेवात सोडलेला कंदील

माझ्या भागीदाराने मला बुडवले आहे, याविषयी त्या सकाळी माझ्या मनात तिळभरही शंका नव्हती. शंका होती ती देवाबद्दल. असा माणूस रोज कपाळाला भंडारा लावतो आणि देव गप्प बसतो, हे मला सहन होत नव्हते.

सांगलीत आम्हा दोघांचा हळदीचा व्यापार होता. तात्या माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, जतकडच्या मेंढपाळ घरातले, अंगठा उठवणारे. मी उंब्रजचा, चळवळीची पत्रके वाचून आणि वाटून वाढलेला. व्यापारी म्हणजे चोर, हे त्याच पत्रकांतून शिकलो आणि पुढे पोटासाठी व्यापारीच झालो. त्यामुळे चोर शोधायची सवय दुकानातही सुटली नाही. भागीदारीचा करार विश्रामबागेतल्या वकिलांनी केला. सह्या झाल्यावर तात्यांनी देव्हाऱ्यापुढे बेलभंडारा उचलून शपथ घेतली. मी हसून म्हणालो, "तात्या, स्टँप लावलाय की."

"स्टँप सरकारला, गड्या. ह्यो तुला."

दुष्काळानंतरच्या साली विक्रीकराची नोटीस आली आणि त्याच आठवड्यात तात्या दिसेनासे झाले. वकिलांनी समजावले, भागीदारीत सरकार अर्धे-अर्धे मागत नाही. जो सापडेल त्याच्याकडून सगळे वसूल करते. सापडलो होतो मी. आई जिच्यावर जगत होती ती उंब्रजची जमीन माझ्या नावावर होती, ती जप्तीत जाणार होती. वाचायची वाट एकच, जप्ती थांबवण्याचा अर्ज. त्यासोबत शपथेवर लिहून द्यायचे की भागीदाराने माल परस्पर विकला, पेढीत काही उरले नाही. सही त्या दिवशी दुपारी तीनला करायची होती.

आदल्या दिवशी मिरजेहून कार्ड आले. "छातीचं दुखणं हाय, दवाखान्यात पडलोय. हरिपूरच्या पेवात हळद हाय, ती इकून सरकारचं भागीव." अक्षर परक्याचे. मला तो डाव वाटला. तरी खोटी शपथ माझ्या तत्त्वात बसत नव्हती, म्हणून सकाळीच हरिपूरला गेलो. पेव म्हणजे हळद साठवायला जमिनीत खणलेली खोल कोठी. तोंड अरुंद, वरून मातीने लिंपलेले. आमच्या पेवातली वरची अर्धी हळद मागेच विकली होती. उरलेली आहे की गेली, एवढेच पाहायचे होते. तोंडावरचे लिंपण ताजे दिसले आणि माल काढून नेल्याची माझी खात्रीच झाली.

हमालांनी तोंड उघडले, शिडी सोडली आणि म्हणाले, "मालक, दुपारपातूर थांबा. आत वारं कोंडलंय." बंद पेवातली हवा माणूस मारते, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. पण थांबा म्हणणारा प्रत्येक जण मला तात्यांचा माणूस वाटत होता. मला तीन वाजेपर्यंत अडकवायचे, एवढाच यांचा बेत. हमाल चहाला गेले आणि मी खांद्यावर दोरी टाकून शिडीवर पाय ठेवला.

"आवं, मरायची लय घाई हाय व्हय?"

नदीकडून एक म्हातारा येत होता. अंगावर ओले धोतर, हातात पेटलेला कंदील. भर दिवसा कंदील कशाला, हाच माझा पहिला विचार. मी विचारले, "तुम्हाला तात्यांनी पाठवलं?"

"कोण तात्या? मी देवाला आलोय." त्याने माझ्या खांद्यावरची दोरी घेतली, कंदिलाला बांधली आणि खाली सोडली. पुरुषभर खाली जाताच ज्योत आखडली आणि विझली. तो काठावर बसला. मी शिडीवरून पाय काढला. मीही बसलो.

किती वेळ बसलो, सांगता येत नाही. मी तात्यांविषयी सगळे ओकलो. तो एवढेच म्हणाला, "बघितल्याबिगर कसं बोलायचं?" ऊन डोक्यावर आल्यावर त्याने कंदील पुन्हा पेटवून सोडला. या वेळी तो जळत राहिला, आणि त्याच्या उजेडात खाली हळद दिसली. मी उतरलो. जेवढी ठेवली होती तेवढी होती, कोरडी, खणखणीत. मूठभर घेऊन वर आलो तर म्हातारा नव्हता. हमालांनी तसा कोणी पाहिला नव्हता. कंदील संगमेश्वराच्या देवळातला निघाला. मी तो नेऊन दिला तेव्हा गुरव म्हणाला, "ठेवा तिथं." आयुष्यात पहिल्यांदाच मी पुढचा प्रश्न विचारला नाही.

वकिलांकडे न जाता मी मिरज गाठली. दवाखान्याच्या वहीत आधी तात्यांचे नाव तपासले, मग खाटेपाशी गेलो. एवढीच माझी लायकी होती. पावसाची ओल आत जाऊ नये म्हणून दवाखान्यात यायच्या आदल्या दिवशी त्यांनीच पेव नव्याने लिंपले होते. मी कशावर सही करणार होतो, ते मी सांगून टाकले.

"मग? केलीस?"

"नाही."

"मग बस की. लय उभा ऱ्हातोस तू."

हळद विकून कर भागला, जमीन राहिली. तो म्हातारा कोण होता, याचा शोध मी घेतला नाही. सगळे शोधून काढायच्या हट्टानेच मी त्या शिडीवर पाय ठेवला होता. आता हरिपूरला गेलो की देवळातल्या कंदिलात तेल घालून येतो. तात्यांनी दिलेली भंडाऱ्याची पुडी खिशात असते. तिच्यावर स्टँप नाही.