पिल्लांवरची मरळ

दुसऱ्या वर्षाला प्राणिशास्त्राच्या तासाला प्रत्येकाने एका माशावर बोलायचं होतं. मी ट्राउट निवडला. त्याच्यावर इंग्रजीत भरपूर व्हिडिओ होते आणि वाक्यं पाठ करायला सोपी होती, एवढंच त्याचं कारण. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही. वर्गात उभं राहायचं म्हटलं की मला अजून पाठांतराचाच आधार लागतो. ट्राउटला थंड, वाहतं, स्वच्छ पाणी हवं असतं. तो प्रवाहाकडे तोंड करून दगडाच्या आडोशाला उभा राहतो आणि वाहत येईल ते टिपतो. हे मी न अडखळता सांगितलं.

बाईंनी विचारलं, "तू पाहिलायस का ट्राउट?"

"नाही मॅडम."

"मग तू नीट पाहिलेला मासा कुठला?"

मी म्हणाले, "मरळ." पण मरळीबद्दल मला इंग्रजीत एकही वाक्य येत नव्हतं. मग मराठीत सांगितलं. जे सांगितलं ते सगळं माझ्या ताईचं होतं.

आमचं गाव कर्जतजवळच्या कडावपासून आत आहे. गावामागे एक लहान तलाव आहे, मातीच्या बांधाचा. ताई आणि मी तिथे गळ टाकत मोठ्या झालो. "पोरी गळ घेऊन बसतात, आता पोरांनी भाकऱ्या थापायच्या का?" असं लोक म्हणायचे. ताई मागे न बघता म्हणायची, "थापा की. करपवू नका म्हंजे झालं."

मरळ काळपट, अंगाने नळीसारखी, डोकं सापाच्या डोक्यासारखं चपटं. ट्राउट जिथे गुदमरून मरेल अशा कोमट, गढूळ पाण्यातही ती जगते, कारण मधूनमधून वर येऊन ती तोंडाने हवा घेते. पाण्यावर 'गप्' असा आवाज होतो आणि एक वर्तुळ उरतं. ताई त्या वर्तुळाकडे बोट दाखवायची आणि सांगायची, आता हलू नको, तुझी सावली पाण्यावर पाडू नको, ती इथंच परत येणार. पावसाळ्यात कधी कधी लव्हाळ्याच्या कडेला पाण्यावर कुंकू सांडल्यासारखा तांबूस ठिपका हलताना दिसायचा. ती मरळीची पिल्लं. शेकड्याने, एकमेकांना चिकटून. त्यांच्या खाली मरळ उभी असते, राखण करत. त्या दिवसांत ती फारशी खात नाही, पण पिल्लांजवळ काहीही पडलं तर अंगावर येते. भुकेने नाही, रागाने. त्यामुळे तेव्हा तिला धरणं सगळ्यात सोपं.

आणि म्हणूनच धरायची नाही, असा ताईचा नियम होता. एकदा गावातल्या कोणीतरी अशी मरळ ओढली होती. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तर चिलापी माशांनी त्या तांबूस घोळक्याचा फडशा पाडत आणला होता. ताई बांधावर बसून ते शेवटपर्यंत बघत राहिली. मला उठायचं होतं, तिने उठू दिलं नाही.

ताईचं लग्न चौकला झालं. दाजींचं जुन्या हायवेवर गॅरेज आहे. या वर्षी ती बाळंतपणाला घरी आली आणि गणपती गेल्यावर कर्जतच्या दवाखान्यात तिचं सिझर झालं. मुलगी झाली. बाळ ठीक होतं. ताई ठीक नव्हती.

तिला घरी आणलं तेव्हापासून ती भिंतीकडे तोंड करून पडायची. आई अळिवाची खीर करायची, मेथीचे लाडू करायची, मऊ भात कालवायची. ताई दोन घास घ्यायची आणि ताट सरकवायची. दूध पुरत नव्हतं म्हणून बाळाला वरचं सुरू केलं होतं. बाळ रडलं की ती बघायची, पण एखादं दुसऱ्याचं मूल रडतंय असं बघायची. मी कॉलेजातून आले की आधी तिच्या ताटाकडे बघायचे. बहुतेक वेळा ते भरलेलंच असायचं. दवाखान्यात परत दाखवलं. टाके चांगले आहेत म्हणाले, खायला घाला म्हणाले. ते आम्हालाही कळत होतं.

मग एका सकाळी ती आपणहून म्हणाली, "आई, मरळीचं कालवण खावंसं वाटतंय."

आई चुलीपुढून उठून उभीच राहिली. आमच्याकडे ओल्या बाळंतिणीला, ऑपरेशनच्या माणसाला मरळ देतात. जखम भरते म्हणतात, दूध येतं म्हणतात. खरं किती, मला माहीत नाही. पण ताईने काहीतरी मागितलं होतं. वडील खोपोलीला कारखान्यात पाळीवर गेले होते. आईने माळ्यावरची गळाची कळकाची काठी काढली आणि माझ्या हातात दिली.

त्या दिवशी मी कॉलेजला गेले नाही. नायलॉनची तंगूस नवी बांधली, तरंगायला थर्माकोलचा तुकडा अडकवला, बांधाखालच्या ओल्या गवतातून छोट्या बेडक्या धरल्या आणि प्लॅस्टिकची बादली घेऊन तलावावर जाऊन बसले. आजूबाजूला भात पोटरीला आला होता. ऊन चटका देत होतं. एकही वर्तुळ दिसेना. दोनदा 'गप्' ऐकू आलं, पण लांब, तलावाच्या मध्यावर. पूर्वी अशा वेळी मी फक्त ताईच्या हाताकडे बघायचे. आता माझाच हात होता. मासा मिळाला नाही तर ती परत काही मागणार नाही, हे डोक्यातून जाईना.

दुपार कलली तेव्हा मी ताईला फोन लावला. आईने तिच्या डोक्याला-कानाला फडकं घट्ट बांधलेलं असायचं. तिने फोन त्या फडक्यातच खोचला असावा. आवाज लुगड्याआडून आल्यासारखा येत होता.

"लागंना गं," मी म्हटलं.

"बेडकी कुठून लावलीस?"

"तोंडातून."

"मरंल ती लगेच. मागच्या मांडीतून लाव, पोहू दे तिला." मग जरा थांबून म्हणाली, "वारा कुठून हाय?"

"बांधाकडून."

"मंग समोरच्या अंगाला जा. लव्हाळ्यापाशी." मागून आईचा आवाज आला, फोन ठेव, बाळंतिणीनं बोलू नये. फोन बंद झाला.

मी समोरच्या अंगाला गेले. लव्हाळ्यापाशी पोचले आणि पाय थांबले. पाण्यावर तांबूस ठिपका हलत होता.

गावातले एक काका तिथे म्हशी घेऊन बसले होते. मला काठीसकट बघून त्यांनी टोपी मागे सारली.

"काय गं कॉलेजवाले? मासं विंग्रजी शिकलं का?"

"नाय काका. ताईसाठी मरळ पायजे."

"अगं मंग उभी काय राहतेस? ती बघ पोरं. टाक मधी. आत्ता येल अंगावर."

"पिल्लांवरची हाय ती."

"मंग? तुझी बहीण बी पिल्लावरचीच हाय ना?" ते हसले आणि उठून पाण्यात शिरणाऱ्या म्हशीला हाका मारत गेले.

मी पिल्लांमध्ये टाकलं नाही. चार-पाच हात बाजूला टाकलं, लव्हाळ्याच्या फटीत. मनाशी म्हटलं, इथे दुसरी एखादी असेल. पण गळ हवेत असतानाच मला ठाऊक होतं की मी पुरेसं लांब टाकत नाहीये. बेडकी पाण्याला लागली न लागली तोच पाणी फुटलं आणि काठी वाकली. मी ओढत मागे गेले, पडले, परत ओढलं. मरळ गवतावर येऊन आपटली. कोपरापासून बोटांपर्यंत भरेल एवढी. बादलीत थोडं पाणी घेऊन तिला आत टाकलं आणि वर ओढणी बांधली.

मागे वळून बघितलं तेव्हा तांबूस ठिपका तिथेच होता. हलत होता, पसरत होता, पुन्हा गोळा होत होता. ही तीच मरळ की दुसरी, मला कळत नव्हतं. मी पळतच घरी आले.

आईने विळी आणि मासा धरायला सुपात राख तयार ठेवली होती. मरळ फार बुळबुळीत, राखेशिवाय हातात राहत नाही. मी बादली पडवीत ठेवली. ओढणी सोडायच्या आतच मरळीने आतून अशी शेपटी मारली की बादली हलली.

आतून ताईचा आवाज आला, "जिती हाय?"

आणि ती उठून आली. एक हात पोटावर, एक हात भिंतीला. आई "अगं, अगं" म्हणत धावली, तोवर ती बादलीशी बसलीही होती. कितीतरी दिवसांनी मी तिला भिंतीव्यतिरिक्त कशाकडे तरी बघताना पाहत होते. मी ओढणी सोडली. मरळ वर आली, 'गप्' केलं, खाली गेली. ताईने पाण्यात हात घालून तिच्या पोटाखाली बोटं धरली.

"कुठं लागली?"

"लव्हाळ्यापाशी. तू सांगितलंस तिथंच."

"पिल्लं होती?"

मी ओढणीची घडी घालायला लागले.

"बाजूला टाकलं होतं गं ताई. दुसरी पण असंल."

"पोट बघ हिचं. खपाटीला गेलंय. खाल्लंच नाय हिनं कित्येक दिवस. पिल्लांवरचीच हाय."

आईच्या हातात राखेचं सूप होतं. ती इतके दिवस गप्प होती, घाबरून गप्प होती. ती एकदम म्हणाली, "आन तुझं पोट गं? ते कुनी बघायचं? तू कवा खाल्लंस?"

आईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि राखेचा हात तिने तसाच तोंडाला लावला. ताई तिच्याकडे बघत राहिली. मला काहीतरी बोलायलाच हवं होतं, आणि अशा वेळी मला पाठ केलेलंच आठवतं. मी म्हटलं, "ताई, ही आई असंलच असं नाय. मरळीत बाप पण पिल्लं राखतो. पुस्तकात आहे."

ताईने बादलीत बघितलं. मग माझ्याकडे.

"बाप? खाणंपिणं सोडून?"

"हो."

"नंबर घे गं याचा. चौकला फोन लावून देते."

दाजी बाळाला बघायला एकदाच आले होते आणि सगळा वेळ एका टेंपोच्या क्लचबद्दल बोलून गेले होते. मला हसू आवरेना. ताईही हसली आणि लगेच पोट धरून वाकली. "हसवू नको गं, टाके दुखतात." पण हसत होती. आई राख लागलेल्या तोंडाने आमच्या दोघींकडे बघत होती, या पोरींना काय झालं म्हणून.

"आई," ताई म्हणाली, "सोडू दे तिला ही मरळ. अंधार पडायच्या आत."

"आन तू काय खाशील?"

"काय हाय घरात?"

"सुकटीचं करते. करू?"

"कर. लसूण घाल जास्त."

आईने सूप खाली ठेवलं. आत जाताना बादलीकडे बघून म्हणाली, "आयशीनं लेकीला खायला घालायचं का मासं पोसायचं?" पण गेली ती चुलीकडेच.

मी परत निघाले. बादली जड लागत होती. मरळ राहून राहून हवा घ्यायला वर यायची आणि प्रत्येक वेळी मला हायसं वाटायचं, जिवंत आहे. मागे ट्राउटचे व्हिडिओ मी ताईला दाखवले होते. गोरे लोक मासा धरतात, त्याच्याबरोबर फोटो काढतात आणि सोडून देतात. ताई म्हणाली होती, "धरायचा आन सोडायचा? मंग घरनं निघायचं कशाला?"

लव्हाळ्यापाशी पोचले तेव्हा ऊन गेलं होतं. पाणी काळसर दिसत होतं. तांबूस ठिपका कुठेच नव्हता. मी बादली तिरकी केली. मरळ क्षणभर उथळ पाण्यात तशीच उभी राहिली, मग लव्हाळ्यात शिरली. गेली.

मी वाकून बघत राहिले. पाण्यावर बारीक काहीतरी हलल्यासारखं वाटायचं आणि तो वारा निघायचा. चिलाप्या कडेला फिरत होत्या. किती पिल्लं उरली असतील, मरळीला ती सापडतील का, संध्याकाळी पिल्लं खोल जातात का, यातलं काही मला माहीत नव्हतं.

फोन वाजला.

"दिसली का गं पिल्लं?" पुन्हा फडक्याआडचा आवाज.

हो म्हणणं सोपं होतं. ती जेवायला बसणार होती. मी म्हटलं, "नाय दिसली ताई. काळोख होतोय."

मागे बाळ रडायला लागलं. "आन तिला इकडं," ताई कोणाला तरी, आईलाच, म्हणाली. मग फोनवर काही तरी घासल्याचा, सरकल्याचा आवाज आला आणि बाळाचं रडणं अगदी माझ्या कानाशी आलं, आणि हळूहळू थांबलं.

"थांब जरा तिथं," ताई हळू आवाजात म्हणाली. "ही झोपली की सांगते, मंग ये. मी पण थांबते. मरळीचा आवाज आला तर सांग."

मी लव्हाळ्यापाशी उभी राहिले, फोन कानाला लावून. सावली पाण्यावर पडू नये म्हणून एक पाऊल मागे सरकले. सावली पडण्याइतका उजेड तेव्हा उरलाही नव्हता.

"ताई," मी विचारलं, "सुकटीचं झालं का?"

"ताट घेऊनच बसलेय," ती म्हणाली. तिचं तोंड भरलेलं होतं.