अपेक्षित पगाराचा रकाना

नारायणगावच्या स्टँडसमोर नोकरीचे अर्ज टाइप करून देणाऱ्या मावशी 'अपेक्षित पगार' या रकान्यापाशी आल्या की चष्मा कपाळावर चढवतात. एकदा मी झेरॉक्ससाठी थांबलो होतो. नर्सिंग झालेल्या मढच्या मुलीनं बारा हजार सांगितले.

"पुण्यात रूम, मेस, येनं-जानं धरलं का? घरी काय पाठवशील?"

मावशींनी बावीस हजार टाइप केले.

"मावशी, एवढ्याला घेनार न्हाईत वो."

"चार वर्सं शिकलीस ना? मागून तर बघ."

मला धास्ती वाटली. नोकरी हुकली तर मुलीची हुकणार होती, मावशींची नव्हे.

आठवड्यानं मी पुन्हा झेरॉक्सला गेलो, तेव्हाच मुलगी परत आली. दवाखान्यानं तिला खरंच घेतलं नव्हतं. मावशींचा चेहरा उतरला.

"बारा टाकू का?" त्यांनी हळूच विचारलं.

"नको," मुलगी म्हणाली, "दवाखान्याचं नाव तेवढं बदला."