कापाने व्यूश्का लावली

दूर उत्तरेच्या बर्फाळ मुलखात, पिनेगा नदीकाठच्या आमच्या गावात कापितोलिनाला तोंडावर सगळे कापा म्हणत आणि पाठीमागे ‘कावळ्यांची आई’. का, तर तिच्या घरची सगळी ऊब धुराड्यातून वर जायची आणि छपरावरचे कावळे तेवढे सुखात असायचे. लोकांना काय, हसायला निमित्तच हवं असतं.

भानगड सगळी व्यूश्काची. व्यूश्का म्हणजे धुराड्याच्या गळ्यात बसवायचं लोखंडी झाकण, लहानशा भाकरीएवढं. सकाळी चूल पेटवताना ते काढून ठेवायचं, म्हणजे धूर वर जातो. लाकडं जळून नुसते लाल निखारे उरले, त्यांच्यावर एकही निळी जीभ नाचत नाही अशी खात्री झाली, की झाकण बसवायचं. मग भिंतीएवढी ती विटांची चूल, जिच्या सपाट माथ्यावर आम्ही झोपतो, दुसऱ्या सकाळपर्यंत घर ऊबदार ठेवते. उशीर केलात तर ऊब गेली. घाई केलीत तर निखाऱ्यांतली वाफ घरात उतरते. तिला ना रंग, ना वास. डोकं जड होतं, झोप येते, आणि त्या झोपेतून माणूस उठत नाही. म्हणून आमच्याकडे ‘व्यूश्का लावली का?’ हे जेवण झालं का विचारावं तसं विचारतात.

कापा नऊ वर्षांची होती तेव्हा एका रात्री पुन्हा चूल पेटवून तिच्या आईने झाकण लावायची घाई केली. बाप लाकूडतोडीला गेलेला, घरातली लाकडं संपत आलेली, लेकरं कुडकुडत होती. त्या बाईने निळ्या जिभा बघून न बघितल्यासारखं केलं. ती आणि कापाचा धाकटा भाऊ चुलीच्या माथ्यावर झोपले ते झोपलेच. कापाने त्या दिवशी दूध सांडलं होतं, म्हणून तिला दाराशी झोपवलं होतं. दाराखालच्या फटीतून वारा येत होता, तेवढ्यावर पोर वाचली. सकाळी ‘आई, आई’ करून तिने घसा फोडला, पण वरून उत्तर आलं नाही. त्यानंतर त्या लोखंडाला तिने कधी हात लावला नाही.

लग्न झालं तेव्हा ते काम नवऱ्याकडे, येफीमकडे आलं. तो झाकण हातात घेऊन उभा आणि ही चुलीच्या तोंडाशी वाकलेली, असं रोज चालायचं.

“थांब, अजून एक निळी आहे.”

“ती तुझ्या डोळ्यांत आहे गं बये! लावू का आता, की आभाळ तापवायचंय तुला?”

“थांब जरा.”

थांब जरा करता करता घर गार पडायचं आणि येफीम मेंढीच्या कातड्याचा कोट घालून जेवायला बसायचा. बडबड करायचा, आदळआपट करायचा. पण तिने हो म्हटल्याशिवाय त्याने एकदाही व्यूश्का लावली नाही. हे मात्र गावात कुणी बोलत नाही.

युद्धानंतरच्या एका फेब्रुवारीत तो नदीपलीकडच्या कुरणातून गवत आणायला निघाला. घोडी जुंपली, बर्फगाडीवर चढला. चूल तेव्हा अजून धडधडत होती.

“वेळ झाली की शेजारच्या स्तेपानिदा मावशीला बोलाव झाकण लावायला,” तो म्हणाला. “की आज कावळ्यांची चैन?”

“चल, नीघ,” कापा म्हणाली.

दुपारच्या आत वादळ उठलं. पांढरं, आंधळं वादळ, समोरचं कुंपण दिसेना. आणि मग दाराशी घोडी येऊन उभी राहिली. एकटीच. तुटलेला पट्टा मागे फरफटत होता, पापण्यांवर बर्फ थिजला होता. कापा तशीच, डोक्याला रुमालही न बांधता, शेजारी धावली.

गावातले पुरुष एकमेकांना दोर बांधून नदीपर्यंत गेले आणि दाढ्या गोठवून परत आले. कापाच्या नजरेला नजर देईनात. वारा पडल्याशिवाय काही करता येणार नाही, एवढंच म्हणाले आणि आपापल्या घरी गेले. घरोघरी व्यूश्का केव्हाच लागल्या होत्या. एकाही धुराड्यातून धूर येत नव्हता.

स्तेपानिदा मावशी तेवढी थांबली. सत्तरीची, दात नसलेली, पण जीभ शाबूत.

“अशी थिजून काय बसलीस? धुराड्यात हाक मार त्याला.”

“मावशी, काहीतरीच काय!”

“काहीतरीच कसं? जंगलात हरवलेली माझी गाय आली होती हाकेने. तुझा नवरा काय गाईपेक्षा मठ्ठ आहे? फक्त जाळ हवा आणि व्यूश्का उघडी हवी. हाक धुराबरोबर जाते.”

कापाने सालीसकट बर्चची लाकडं आत सारली. जाळ एका बाजूला ढकलला आणि ज्या चुलीला ती जन्मभर भ्यायली, तिच्याच तोंडात डोकं घालून ओरडली, “येफीम! घरी ये!”

वर नुसता वारा घोंघावत होता. ती पुन्हा ओरडली. भुवया होरपळल्या, घसा बसला. प्रत्येक हाकेनंतर ती कान देऊन ऐकायची आणि दरवेळी तिला नऊ वर्षांची असतानाची ती सकाळ आठवायची. घरातली लाकडं संपली तेव्हा तिने बाक फोडला, मग कपडे वाळवायची काठी मोडून घातली. बाहेर अंधारून आलं. मावशीनेही आता आशा सोडून छातीवर क्रुसाची खूण करायला सुरुवात केली होती, आणि ते बघून कापाचं उरलंसुरलं बळ गेलं.

तेवढ्यात दारावर काहीतरी धपकन पडलं.

येफीमच होता. गुडघ्यांवर रांगत आलेला, तोंड पांढरंफटक. दोघींनी ओढून आत घेतला, कपडे फाडून काढले, हातपाय हंसाच्या चरबीने चोळले आणि कसाबसा चुलीच्या माथ्यावर चढवला.

“ऐकलीस ना हाक?” मावशीने विचारलं.

“कसली हाक?” त्याचे दात वाजत होते. “वाऱ्यात काही ऐकू येतंय होय! वास आला. बर्चच्या सालीच्या धुराचा. म्हटलं, ह्या वेळेला उघडं धुराडं कुणाचं असणार? आमच्या येडीचं. तो वास धरून आलो.”

कापा खाली बसून हमसून हमसून रडली.

पण रडायलाही सवड नव्हती. जाळ विझला होता, निखारे उरले होते, उघड्या धुराड्यातून ऊब भराभरा चालली होती आणि वर येफीम थडथड उडत होता. त्याचे हात सुजून लाकडासारखे झाले होते. मावशी बाकाच्या तुकड्यांकडे बघून म्हणाली, “घरात जाळायला काही उरलं नाही. आता लावली नाहीस तर हा गारठून जाईल. माझे डोळे अधू, मला निळं-लाल कळत नाही. तूच लाव.”

कापा चुलीच्या तोंडाशी वाकली. एक अर्धवट जळलेला तुकडा दिसला, तो चिमट्याने उचलून बाहेर बर्फात टाकला. पुन्हा वाकली. निखारे उलटेपालटे केले. एक निळी जीभ दिसली. ती विझेपर्यंत थांबली. मग दिसली नाही, पण दिसली नाही यावर विश्वास कसा ठेवायचा? वरून आवाज आला, “कापा, लाव गं आता.”

“थांब जरा.”

तो थांबला.

शेवटी ती स्टुलावर चढली. दोन्ही हातांनी लोखंड धरलं, डोळे मिटले आणि व्यूश्का धुराड्याच्या गळ्यात बसवली. खण् असा आवाज झाला. नऊ वर्षांची असताना तिने तो दाराशी झोपून ऐकला होता, आज तो तिच्याच हातून झाला.

मग ती वर चढून येफीमला चिकटून बसली. घर हळूहळू ऊबदार होऊ लागलं, त्याचा थरकाप थांबला, डोळे मिटले. कापाने त्याला गदागदा हलवलं.

“येफीम!”

“हं.”

“माझं नाव सांग.”

“कापा.”

ती थोडी टेकली. जराशाने पुन्हा हलवलं. “येफीम, माझं नाव काय?”

“कापा गं बाई, कापा! मेलो नाही तिकडे, आता इथे तू मारतेस की काय? झोपू दे की!”

“झोप, झोप,” ती म्हणाली, आणि पुन्हा हाक मारली.