मूग, वाटाणा, वाल, सुपारी

"उंदीर सोडून तुम्ही माणसांकडे कशा वळलात?" असं माझ्या निरोपसमारंभात एकाने विचारलं. मी संशोधनाची दिशा, काळाची गरज वगैरे काहीतरी ठोकून दिलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मेल्यांना काहीही चालतं. खरं उत्तर लालबागच्या आमच्या चाळीत, कर्फ्यूतल्या एका दुपारी घडलं होतं, आणि ते टाळ्या वाजवण्यासारखं नव्हतं.

तेव्हा मी परळला एका कॅन्सरच्या प्रयोगशाळेत नुकतीच लागले होते. वडील गिरणीत कारकून, आणि मुलगी एम.एस्सी. होऊन उंदीर सांभाळते म्हणून चाळीत माझी यथेच्छ थट्टा चालायची. "आमच्या माळ्यावर पण दोन आहेत गं, बघ त्यांना कुठे चिकटवता येतंय का." मी चिडायचे, आणि चिडते म्हणून लोक आणखी बोलायचे. काम मात्र गमतीचं नव्हतं. आमच्याकडे उंदरांची दोन घराणी होती. एकातल्या बहुतेक माद्यांना स्तनाचा कॅन्सर व्हायचा, दुसऱ्यात क्वचित. दर सोमवारी एकेक मादी हातात धरून बोटांनी चाचपायची आणि गाठ लागली की आकार ओरडून सांगायचा. पट्टी लावत बसायला वेळ कुणाला? आमची आपली स्वयंपाकघरातली मापं होती: मूग, वाटाणा, वाल, सुपारी. मूग असताना कापून काढली तर मादी जगायची. सुपारी म्हटलं की संपलंच.

दुसरं काम पिल्लांचं. नुकती जन्मलेली पिल्लं आईला लुचायच्या आत उचलायची आणि दुसऱ्या घराण्यातल्या ताज्या व्यालेल्या मादीखाली ठेवायची. तिच्या पिंजऱ्यातला भुसा त्यांच्या अंगाला चोळायचा, म्हणजे ती त्यांना आपलीच समजे. कॅन्सरच्या घराण्यातल्या आईचं दूध चुकलं की त्या मुलींना पुढे तो रोग फारसा होत नसे. उलट, निरोगी घराण्यातली पिल्लं त्या दुधावर वाढवली तर त्यांना व्हायचा. हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तेव्हा हबकलेच. आईच्या दुधातून मरण जातं म्हणजे काय. काही दिवस मला चहासुद्धा नकोसा झाला होता.

संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई पेटली त्या दिवसांत माझी ताई बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी झाली. बारसं व्हायच्या आत ताईला सडकून ताप भरला आणि तिचं दूध आटलं. बाहेर गोळीबार, कर्फ्यू, दुधाचं केंद्र बंद, डब्याचं दूध संपलेलं. पोर रडून रडून निळीजांभळी व्हायची, आणि मग रडण्याचंही त्राण राहायचं नाही. तशातही कर्फ्यू थोडा सैल झाला की मी परळ गाठायचे, कारण उंदरांना कुणीतरी खायला घालायलाच हवं होतं. आई म्हणाली, "तुझ्या उंदरांना दाणापाणी आहे, आमच्या पोरीला नाही." मी चपला घातल्या.

त्या दुपारी गल्लीबोळांतून लपतछपत परत आले तर पोरीचा आवाज येत नव्हता. दार ढकललं. समोरच्या खोलीतल्या वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि आमची पोर डोळे मिटून त्यांच्या अंगावर पीत होती. त्यांची स्वतःची नऊ-दहा महिन्यांची मुलगी उंबरठ्यापाशी वाटी आपटत बसली होती. आई स्टोव्हपाशी डोळे पुसत होती.

या वहिनी मालवणकडच्या. मला नोकरी लागली तेव्हा त्यांनीच एकदा विचारलं होतं, छातीतल्या गाठीवर काही औषध निघालं का म्हणून. त्यांची आई आणि मावशी, दोघीही गावी त्यानेच गेल्या होत्या.

म्हणजे तेच घराणं. माझ्या डोळ्यांपुढे पिंजरेच आले. मी चपलाही काढल्या नाहीत, तशीच पुढे झाले आणि पोर त्यांच्या अंगावरून ओढून घेतली. तिने टाहो फोडला.

"अगं, वेड लागलंय का तुला?" आई ओरडली.

"यांच्या आईला कॅन्सर होता, मावशीला होता," मी बोलत सुटले. "दुधातून येतो तो. मी रोज बघते. ही पोर मोठी होईल आणि हिलाही होईल."

आई स्टोव्हपासून उठली. "उपाशी पोराला पाजणाऱ्या बाईला असं बोलतात होय गं? हेच शिकवलं तुला कॉलेजात?" ताई तापातून उठून बसली आणि "आण तिला इकडे" म्हणून रडायला लागली. आणून काय करणार, तिच्याकडे द्यायला काय होतं? पोर माझ्या खांद्यावर तोंड फिरवत होती, माझा ब्लाउज चोखत होती.

वहिनी रागावल्या नाहीत. पदर सावरून अगदी हळू म्हणाल्या, "रागावू नको गो बाय. डावीकडचां मी तिका देणंय नाय. उजवीकडचांच पाजतंय. डावीकडे गाठ आसा."

मला आधी कळलंच नाही त्या काय म्हणाल्या ते. मग कळलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"गणपतीपासून. माझ्या चेडवाकसुदिक उजवीकडचांच देतंय."

"कुणाला सांगितलंत?"

"कोणाक सांगू?" त्या म्हणाल्या. "तू उंदरांच्या गाठी बघतंस ना? माझी बघ. हाताक लागता काय?"

मी डॉक्टर नव्हे, मला काही कळत नाही, असं म्हणायला हवं होतं. पोर आईकडे दिली आणि त्यांच्यापाशी बसले. बोटांना दर सोमवारची सवय होती, त्यांनी माझी वाटच पाहिली नाही. सुपारी. मी शब्द गिळला. ही बाई गणपतीपासून रोज मला जिन्यात "इलंस गो?" म्हणून विचारत होती, आणि मी रोज कॅन्सरच्या हॉस्पिटलावरून चालत घरी येत होते.

"लागता?" त्यांनी परत विचारलं.

"लागते."

त्यांनी आईपुढे हात केले. "दे तिका हयसर. भुकेन मरात ती." आईने माझ्याकडे न बघता पोर त्यांच्या उजवीकडे दिली. मी अडवलं नाही. ती पुन्हा प्यायला लागली.

कर्फ्यू उठला त्या सकाळी मी त्यांना हॉस्पिटलात नेलं. ऑपरेशन झालं, पण उशीर झाला होता. पुढे महाराष्ट्र झाला तेव्हा चाळीने गॅलरीभर पणत्या लावल्या. समोरच्या दारातली पणती आमच्या आईने लावली, कारण लावायला तिथे बाई उरली नव्हती. त्यांची मुलगी आमच्याकडेच जेवायची, ताईची मुलगी आली की दोघी एका ताटात.

मी उंदीर सोडले. गिरगाव, दादर, माटुंगा, घरोघर जाऊन "तुमची आई कशाने गेली, आजी कशाने गेली" विचारत हिंडले. लोक अंगावर धावून यायचे, स्थळं यायची थांबतील म्हणून दारं लावून घ्यायचे. या कामात आयुष्य गेलं. उंदरांत दुधातून जे जायचं, ते माणसांत आम्हाला कधी सापडलं नाही. सापडलं ते दुसरंच. काही घराण्यांत हा धोका आईबापांच्या बीजातूनच, जन्माआधी मुलाकडे आलेला असतो. पाजणारी कोण, याच्याशी त्याचा संबंध नाही. हे नीट उमगलं त्या दिवशी मला ती दुपार पुन्हा दिसली. जिला मी ओढून घेतलं तिला त्या दुधापासून काहीच होणार नव्हतं. जिला भीती होती ती उंबरठ्यात वाटी आपटत होती, आणि आमच्यातल्या कुणी तिच्याकडे वळूनही पाहिलं नव्हतं.

तिचं वय आता वहिनींच्या तेव्हाच्या वयापुढे गेलंय. दर सहा महिन्यांनी शिवाजी पार्कला माझ्याकडे येते. डॉक्टरांकडेही जाते, पण आधी माझ्याकडे; माझ्या बोटांवर तिचा भलता विश्वास. दार लावते, पदर बाजूला करते आणि विचारते, "हाताक लागता काय?" इतकी वर्षं मी "नाही गं, जा" म्हणून तिला चहा करून द्यायचे.

मागच्या महिन्यात मला हात काढायला वेळ लागला. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"लागते," मी म्हटलं. "मुगाएवढी आहे. चल, चप्पल घाल."